दारातला मांडव



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्हींत माणसाची आणि पैशाची परीक्षा होते. पण लग्न कार्यालयात न करता घरच्या दारात करायचं ठरवलं, तर या दोन्ही परीक्षा एकाच दिवशी द्याव्या लागतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही ती परीक्षा दिली. पास झालो की नापास, ते तुम्हीच ठरवा.

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे माझं माहेर. धाकटा भाऊ तिथं शेती करतो. २०२३ साली पावसानं ओढ दिली. ३१ ऑक्टोबरला राज्य शासनानं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा शिरूर होता आणि शेजारचा दौंडही. भावानं विहिरीच्या पाण्यावर कसाबसा कांदा जगवला, तोच ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. नेमकी त्याच दिवसांत पुतणीची सोयरीक जुळली. मुलगा दौंड तालुक्यातला, दोघंही नोकरी करणारे, एकमेकांना पसंत. सगळं चांगलं, फक्त घरात पैसा नाही.

त्यात गुरू-शुक्राच्या अस्तामुळे पुढच्या मे-जूनमध्ये मुहूर्त जवळपास नव्हतेच. सगळी गर्दी एप्रिलवर. कार्यालय, जेवण, फेटे, बँड, बस्ता मिळून हिशेब सात लाखांच्या घरात गेला. भावानं कुणाला न सांगता विहिरीजवळच्या अर्ध्या एकराला गिऱ्हाईक पाहायला सुरुवात केली. ते पुतणीच्या कानावर गेलं. तिनं मला फोन केला, "आत्या, मला लग्न आपल्या दारात करायचंय. बाबा माझं ऐकणार नाहीत, तू बोल."

मी बोलले. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आक्का, लोक काय म्हणतील? कांद्याला भाव न्हाय म्हणून पोरगी अशीच उजवली, असं म्हणतील."

मंडळी, खरी अडचण ही होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी दिली होती. तेव्हा भल्याभल्यांची लग्नं दारात लागली आणि कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. कारण त्या वेळी लोकलाजेला सरकारी सबब होती. ती सबब गेली आणि लग्नं पूर्वीपेक्षा मोठी झाली.

मी भावाला म्हटलं, "माझं लग्न विसरलास का? १९८१ साली याच अंगणात लागलं. तेव्हा कोण काय म्हणालं?"

त्या लग्नाची आठवण काढताना एक गोष्ट लक्षात आली. ते लग्न स्वस्तात झालं असं आपण सहज म्हणतो, पण ते खरं नाही. त्याची किंमत पैशात मोजली जात नव्हती, इतकंच. मुहूर्तमेढ रोवली भावकीनं. मांडवडहाळ्याच्या दिवशी बैलगाडीतून आंब्या-जांभळाचे डहाळे आले. पाण्याची टिपाडं गाडीवर घालून शेजाऱ्यांनी आणली. भांडी गावकीची, पत्रावळी पळसाच्या, वाढायला गावातली तरणी पोरं. शेतात जशी सावड असते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तशीच ही लग्नाची सावड होती. माझ्या वडिलांनी आधी वीस लग्नांत पाणी भरलं होतं, म्हणून माझ्या लग्नात वीस घरांनी भरलं.

आता सावड राहिलेली नाही. मांडववाला वेगळा, आचारी वेगळा, वाढपी रोजावर, फुलं भाड्यानं. अशा वेळी लग्न दारात केलं आणि कामं सगळी विकतच घेतली, तर ते कार्यालयापेक्षा महाग पडतं. कारण कार्यालयाच्या भाड्यात पाणी, संडास, वीज आणि गाड्या लावायची जागा असते. दारात यातलं काहीच नसतं. म्हणून आम्ही पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घेतला: आपली माणसं आपल्या हातानं काय करतील? ते आधी लिहायचं. उरेल तेवढंच विकत घ्यायचं.

भावकीतल्या मुलांनी वाढण्याचं आणि गाड्या लावण्याचं अंगावर घेतलं. कांदा काढून मोकळं झालेलं रान वाहनतळाला दिलं. पुतणीच्या मैत्रिणींनी सजावट घेतली. आचारी आणि सावलीचा मांडव मात्र विकत घेतला. चैत्रातल्या उन्हात लोकांना कमानीपेक्षा सावली लागते, म्हणून फुलांच्या कमानीचे पैसे कापडाच्या दुसऱ्या थराला घातले. विजेसाठी तारेवर आकडा टाकायचा नाही, तात्पुरती जोडणी रीतसर घ्यायची, हे भावाकडून कबूल करून घेतलं.

पाण्याचा हिशेब पुतणीनं वहीत मांडला. माणसं साडेतीनशे. एप्रिलच्या उन्हात पिण्यालाच माणशी तीन लिटर, म्हणजे हजार लिटर. स्वयंपाक, भांडी, हात धुणं, संडास धरून पाच हजार. दुष्काळाच्या वर्षात शेजाऱ्याच्या विहिरीवर डोळा ठेवायचा नाही, म्हणून दहा हजार लिटरचा टँकर सांगितला आणि टाक्या आदल्या दिवशीच भरून घ्यायच्या ठरवल्या. चार फिरते संडास भाड्यानं आणले. भाऊ म्हणाला, "लग्नाला संडास भाड्यानं आणतात का?" त्यावर भावजय पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "बायका आल्यावर त्यांनी कुठं जायचं?" विषय संपला.

सगळ्यात अवघड यादी माणसांची. गावात एका घराला बोलावलं आणि शेजारचं सोडलं, तर पिढ्यान्पिढ्या बोलणी खावी लागतात. पूर्वी जवळच्यांना चुलबंद आवतण असायचं, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूलच पेटायची नाही. ते आता सगळ्या गावाला देणं शक्य नव्हतं. शेवटी असं ठरलं की हळदीच्या संध्याकाळी सगळ्या गावाला चहा-चिवडा, आणि लग्नाचं जेवण नातलग, भावकी आणि शेजारवस्तीला. हे सांगायला भाऊ स्वतः घरोघर गेला. पत्रिका पाठवून असं सांगता येत नाही, ते तोंडानंच सांगावं लागतं. दोन घरं रुसली. त्यातलं एक अजून रुसलेलं आहे.

आणखी एक गोष्ट पुतणीनं काढून टाकली: माइकवरची भाषणं. आमच्या भागात मुहूर्ताची वेळ टळून जाते, उन्हात पोरं रडतात, आणि व्यासपीठावर पुढाऱ्यांची नावं घेणं, फेटे बांधणं आणि आशीर्वादाची भाषणं चालूच असतात. त्यात लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, शिरूरचं मतदान १३ मेला. पुतणी म्हणाली, "माझ्या लग्नात मत मागायला कुणी उभं राहणार नाही." सत्कार नाही, आहेर नाही, टॉवेल-टोपी नाही. आलेल्या सगळ्यांना सारखीच अक्षता आणि सारखंच जेवण.

मग विधीचा प्रश्न निघाला. तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला एकमेकांना द्यायची वचनं स्वतः लिहून, सगळ्यांना समजतील अशी मराठीत म्हणायची होती. मुलाकडची मंडळी बिचकली. "हे काय शहरी फॅड?" असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा मला पुण्याचाच इतिहास सांगावा लागला. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न पुण्यात लागलं. नवरा सीताराम आल्हाट, नवरी सावित्रीबाई फुल्यांच्या मैत्रिणीची मुलगी राधा. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला. ना भटजी, ना हुंडा, खर्च अगदी थोडा. महात्मा फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर तसं वचन देतो. पुढं १८८४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्न लावलं, तेव्हा जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला. ते प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तरीही ही पद्धत टिकली. म्हणजे नवऱ्या मुलीनं मांडवात स्वतः बोलणं हे काही परवा परदेशातून आलेलं नाही. ते दीडशे वर्षांपूर्वीचं, आपल्याच मातीतलं आहे.

मुलाची आई मात्र म्हणाली, "वचनं म्हणू द्या, पण सप्तपदी हवी." पुतणीनं ते आनंदानं मान्य केलं. हळद राहिली, देवक राहिलं, मामा पाठीशी राहिला. कन्यादान तेवढं वगळलं. "मी दान द्यायची वस्तू नाही," असं ती शांतपणे म्हणाली आणि त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. त्याऐवजी दोघांच्या आईवडिलांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, असं ठरलं.

कायद्याचंही सांगते, कारण पुष्कळांचा यात घोटाळा होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे दोहोंपैकी एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा लागतो. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर त्या कायद्याखाली लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ज्यांना विधीच नको आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि जादा शुल्क भरलं तर विवाह अधिकारी कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणी येऊनही लग्न लावू शकतो. आणि लग्न कुठंही लागो, महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत त्याची नोंदणी करायची असते. खेड्यात ती ग्रामपंचायतीतच होते. आम्ही पहिल्याच आठवड्यात केली.

आता लग्नाचा दिवस. सगळं ठरल्यासारखं झालं का? छे! आदल्या दिवशी यायचा टँकर रात्री अकराला आला. भावकीतली मुलं अंधारात बॅटऱ्या धरून टाक्या भरत होती. सकाळी नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि मांडवाची एक बाजू उचलली गेली. चुली मांडवापासून लांब, भिंतीच्या आडोशाला घेतल्या होत्या म्हणून वाचलो. मग दोर धरायला चाळीस हात पुढं आले. त्यांत वराकडचेही होते, इस्त्रीचे कपडे घातलेले. दोर धरता धरता दोन्हीकडच्या माणसांची जी ओळख झाली, ती कार्यालयातल्या खुर्च्यांवर बसून झाली नसती.

एक अट मात्र मी पहिल्या बैठकीतच घातली होती, ती शेवटी सांगते. माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा माझी आई मांडवात नव्हती. ती कोठीच्या खोलीत आचाऱ्याला तेल-मीठ मोजून देत होती. लेकीचं लग्न तिनं भिंतीपलीकडून ऐकलं. जुन्या घरगुती लग्नांचं आपण फार कौतुक करतो, पण त्या लग्नांचं ओझं कुणाच्या डोक्यावर होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगितलं होतं, कोठीची किल्ली भावजयीच्या कमरेला असणार नाही. ती भावाच्या मेहुण्याकडे राहील.

दोघांनी वचनं म्हटली. माझा पगार, माझे निर्णय आणि दोन्हीकडच्या आईवडिलांचं म्हातारपण, असं तिनं मागितलं, आणि त्यानं सगळ्यांसमक्ष कबूल केलं. मंगलाष्टका सुरू झाल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "वहिनी, मीठ कुठाय?" भावजय सवयीनं वळली. मी तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, "सापडेल त्यांना." ती थांबली. अक्षता पडल्या, आणि लेकीच्या डोक्यावरची पहिली अक्षता तिच्या हातची होती.

आमटी जरा अळणी झाली. त्याबद्दल पाहुण्यांनी आम्हाला माफ केलं.

खर्च अडीच लाखांच्या आत राहिला. विहिरीजवळचा तुकडा अजून भावाचाच आहे. लोक बोलले का? बोलले. पण त्यानंतर एक दिवस शेजारच्या वस्तीवरचा बाप भावाकडे येऊन विचारत होता, "तुमचा तो टँकरचा हिशेब जरा दाखवता का? आमचंबी पोरीचं आलंय." पुतणीची वही त्यांच्याकडे गेली. भाऊ त्यांना म्हणाला, "पाणी भरायला मी येतो."

मला वाटतं, सावड अशीच पुन्हा सुरू होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)