बोटीवरची खोली : उजेड थोडा, पॉइंट दोन
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय जरा वेगळा आहे. खताचा नाही, कर्जाचा नाही. समुद्रातल्या मोठ्या प्रवासी बोटीवर राहायला जी खोली मिळते, तिथल्या दिव्यांचा आणि विजेच्या पॉइंटचा आहे. तुम्ही म्हणाल, आमचा त्या बोटीशी काय संबंध? तर संबंध दोन बाजूंनी आहे. मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे सहलीच्या बोटी जातात आणि आता गटातल्या बायकाही मिळून पैसे साठवतात, कुणाला लेक-जावई नेतात. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आपल्या किनारपट्टीच्या घरोघरची. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, गोवा इथली मुलं, आणि आता मुलीसुद्धा, अशा बोटींवर नोकरीला आहेत. कुणी स्वयंपाकघरात, कुणी खोल्यांच्या साफसफाईला, कुणी इंजिनात. त्यांची बॅग भरून देणारी आई, आजी हा कार्यक्रम ऐकते आहे.

बॅग भरताना आपण काय करतो? चार चार्जर एकदम लागावेत म्हणून एक लांब वायरचा बोर्ड टाकतो. देवापुढे लावायला काडेपेटी आणि उदबत्तीचा पुडा टाकतो. आणि हातबॅटरी मात्र विसरतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की बोटीवर जाताना हे नेमकं उलट करायचं. बोर्ड, काडेपेटी, उदबत्ती घरी ठेवायची आणि बॅटरी आठवणीने न्यायची. का, ते आता सविस्तर सांगते.

आधी खोली कशी असते ते बघू. बोटीच्या आतल्या बाजूच्या खोल्या सगळ्यात स्वस्त. गटाने जायचं तर बहुतेक तीच मिळते. तिला खिडकी नसते. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. आपल्याकडे अमावास्येलासुद्धा फटीतून, कौलातून थोडा उजेड येतो. इथे दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन सारखेच. शरीराला पहाट कळते ती उजेडाने, कोंबड्याने. दोन्ही नसलं की झोपेचं गणित चुकतं, माणूस उशिरापर्यंत पडून राहतो आणि दिवसभर डोकं जड राहतं. उपाय सोपा आहे. मोबाइलचा गजर लावा आणि उठल्यावर चहा घेऊन वर उघड्या डेकवर अर्धा तास उन्हात बसा. पुष्कळ बोटींवर खोलीतल्या टीव्हीला एक चॅनल असतं, त्यावर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्यातलं चित्र सतत दिसतं. आवाज बंद करून ते लावून ठेवलं तर बाहेर उजाडलं की खोलीतही उजाडतं.

रात्रीची खरी भीती पडण्याची. न्हाणीघराच्या दाराला बहुतेक उंच उंबरठा असतो, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. त्यात बोट हलत असते. सत्तरीची आजी अंधारात उठली आणि त्या उंबरठ्याला अडखळली, तर सहल तिथेच संपली. काहीजणी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवतात. पण बोट कलली की दार आपटतं, बोटं चेंगरतात. त्यापेक्षा सेलवर चालणारा छोटा दिवा घ्या. माणसाची चाहूल लागली की आपोआप पेटणारे दिवेही बाजारात मिळतात. बोटीच्या खोलीच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे पाठीला चुंबक असलेला दिवा उंबरठ्याजवळ सहज चिकटतो. चुंबकाचे दोन-चार हूकही न्या, ओला टॉवेल आणि पिशवी टांगायला. भिंतीला खिळा मारता येत नाही, चिकटपट्टीही लावायची नाही.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा. पुष्कळ बोटींवर दाराशेजारी भिंतीत एक खाच असते. दार उघडायचं कार्ड त्या खाचेत ठेवलं तरच दिवे लागतात. कार्ड काढलं की थोड्या वेळात दिवे जातात, आणि काही ठिकाणी पॉइंटही बंद होतात. चौघी एका खोलीत असाल आणि एक जण कार्ड उपसून नाश्त्याला गेली, तर मागे अंघोळ करणारी अंधारात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा, खाचेतलं कार्ड शेवटी निघणारीनेच काढायचं.

आता पॉइंट. खोलीत बहुधा एक-दोनच असतात, आणि तेही आरशाच्या टेबलाजवळ. नव्या बोटींवर पलंगाशेजारी मोबाइलची यूएसबी खाच असते, जुन्यांवर नसते. कारण एक बोट पंचवीस-तीस वर्षं सहज चालते. जुन्या बोटी बांधल्या तेव्हा प्रवाशाकडे फार तर केस वाळवायचं यंत्र असायचं. माणशी दोन मोबाइल येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पॉइंट दोन प्रकारचे दिसतील. चपट्या पट्ट्यांची पिन जाते तो अमेरिकी पद्धतीचा, साधारण ११० व्होल्टचा. गोल दोन भोकांचा तो युरोपी पद्धतीचा, २२० व्होल्टचा. आपल्या मोबाइलच्या चार्जरची दोन गोल काड्यांची पिन युरोपी पॉइंटमध्ये बहुतेक बसते. आपली तीन काड्यांची जाड पिन मात्र बसत नाही. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर तो दोन्ही दाबांवर चालतो. चष्मा लावून घरीच वाचून घ्या. न्हाणीघरात आरशाजवळ पॉइंट असलाच, तर तो दाढीच्या यंत्रापुरता असतो, त्यावर दुसरं काही लावू नये.

मग प्रश्न येतो, दोन पॉइंट आणि चौघींचे चार फोन, तर बोर्ड का न्यायचा नाही? हे नीट समजून घ्या, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

आपल्या घरात दोन तारा येतात. एकीत वीज असते, ती फेज. दुसरी न्यूट्रल, ती डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते. बोटीला जमीनच नाही. तिथे लोखंडी सांगाडा हीच जमीन. आणि पुष्कळ बोटींवर विजेची कुठलीच तार त्या सांगाड्याला मुद्दाम जोडत नाहीत. कारण भर समुद्रात एखाद्या तारेत बिघाड झाला, तरी सुकाणू आणि पंप बंद पडता कामा नयेत. म्हणजे तिथे दोन्ही तारांना जोर असतो. आपल्या बाजारी बोर्डाचं बटण बऱ्याचदा एकच तार तोडतं. दिवा विझला म्हणून आपल्याला वाटतं वीज गेली, पण दुसरी तार जिवंतच असते.

त्याहून धोकादायक ते ‘सर्ज प्रोटेक्टर’ किंवा ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेले महागडे बोर्ड. त्यांच्या पोटात एक छोटा भाग असतो. विजेचा दाब एकदम वाढला, तर जादा वीज जमिनीकडे सोडून टीव्ही-फ्रिज वाचवायचे, हे त्याचं काम. घरी हे चांगलंच. पण बोटीवर दुसऱ्याच कुठल्या खोलीत तारेचा बिघाड झाला, तरी दाबाचं गणित बदलतं. तो भाग वीज सोडत राहतो, तापतो आणि पेटू शकतो. म्हणजे दोष दुसरीकडे आणि आग आपल्या उशाशी. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली याबद्दल खास इशारा काढला होता. म्हणून बोटीवर चढताना सामान तपासतात आणि असा बोर्ड निघाला तर काढून ठेवतात. त्यांच्यावर रागावू नका. गावात आग लागली तर आपण घर सोडून शेतात पळतो. बोटीवरून पळायचं कुठे? चहूकडे पाणी असूनही समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीचीच.

त्याच कारणाने इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, छोटी शेगडी यांनाही बंदी असते. आणि मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांनाही. काहीजणींना हे जड जाईल. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. सेलवरची पणती मिळते, ती न्या. घरच्या देवापुढे तेवढे दिवस सुनेला, शेजारणीला दिवा लावायला सांगून जा. देव समजून घेतो. धूर ओळखणारं यंत्र समजून घेत नाही, ते सरळ भोंगा वाजवतं.

मग फोनचं काय करायचं? नळाला पाणी कमी असलं की आपण पाळी लावतो ना, तशी विजेची पाळी लावायची. दोघींचे फोन संध्याकाळी, दोघींचे अंघोळीच्या वेळी. एक पॉवर बँक सोबत असली तर काम हलकं होतं. विमानाने जाऊन बोट गाठणार असाल, तर पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. एकाच चार्जरला दोन-तीन यूएसबी खाचा असतात, तसा साधा चार्जर पुष्कळ ठिकाणी चालतो. पण तिकीट काढतानाच विचारून घ्या, प्रत्येक बोटीचा नियम वेगळा. भर समुद्रात फोनला रेंज नसते, तेव्हा तो विमान मोडवर टाका. रेंज शोधून शोधूनच बॅटरी संपते. आणि फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावायचा नाही. ही सवय घरीही मोडा.

आजारपणाची गोष्ट वेगळी, तिथे पाळी चालत नाही. कुणाला झोपेत श्वासाचं यंत्र लागतं, कुणाला वाफेचं. पॉइंट पलंगापासून लांब असतो. अशा वेळी आपली वायर नेण्यापेक्षा तिकीट काढतानाच कळवावं. बोटीवर चालणारी वायर पुष्कळदा तेच देतात. इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणींनी खोलीतल्या छोट्या फ्रिजवर भिस्त ठेवू नये. तो पुष्कळदा नुसता गारवा देतो, आणि कार्ड काढल्यावर बंद पडेल की काय तेही विचारायला हवं. बोटीवर दवाखाना असतो, तिथे इन्सुलिन ठेवता येईल का ते आधीच विचारावं. विचारायला लाजू नका. पैसे भरून चाललो आहोत, उपकार मागत नाही.

आता बॅटरी. १० फेब्रुवारी २०१३ ला मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ नावाच्या बोटीच्या इंजिनखोलीत आग लागली. आग विझली, पण बोटीची ताकद गेली. चार हजारांहून जास्त माणसं निकडीपुरत्या विजेवर अडकली. बोट ओढत किनाऱ्याला आणायला १४ तारीख उजाडली. आतल्या खोल्यांत हवा खेळेना, संडास चालेनात, म्हणून लोकांनी गाद्या ओढत आणून उघड्या डेकवर झोप काढली. असं क्वचितच होतं. पण अशा वेळी मोबाइलचा उजेड किती तास पुरेल? म्हणून सेलची हातबॅटरी, जादा सेलांसह, उशाशी. रोज रात्री तीच जागा.

बोटीवर पाऊल ठेवलं की सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेतात, धोक्याच्या वेळी कुठे जमायचं त्याचा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. फोटो काढण्याच्या नादात हा सराव चुकवू नका. खोलीपासून जिन्यापर्यंत उजव्या-डाव्या हाताला किती दारं आहेत ती मोजून ठेवा. बोळात जमिनीलगत चमकणाऱ्या पट्ट्या असतात. धूर वर चढतो, म्हणून वाट दाखवणारा उजेड मुद्दाम खाली ठेवलेला असतो. वाकून त्या पट्टीच्या मागे चालायचं, लिफ्टमध्ये शिरायचं नाही.

शेवटी, ज्यांची मुलं बोटीवर नोकरीला आहेत त्या आयांसाठी दोन शब्द. प्रवाशाला चार दिवस काढायचे असतात, पोराला सहा-आठ महिने. त्याची खोली बहुधा दोघांत एक, वर-खाली झोपायचं, मध्ये पडदा, खिडकी नाही. एकाची पाळी दिवसाची, दुसऱ्याची रात्रीची. एकाला उजेड हवा तेव्हा दुसऱ्याची झोप. खलाशांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ सालचा सागरी श्रम करार. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. झोपायच्या प्रत्येक जागी डोक्याशी वाचायचा दिवा असावा, असं त्याच्या मार्गदर्शनात लिहिलं आहे. दिवा बंद असेल, पॉइंट जळका असेल, तर पोराने वरिष्ठांना सांगावं. मुकाट्याने उघड्या वायरी पिळून काम भागवू नये, हे तुम्ही त्याला सांगा. आईचं ऐकतात.

त्याच्या बॅगेत बोर्डाऐवजी चांगली बॅटरी, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी आणि पॉवर बँक द्या. आणि एखाद्या रात्री त्याचा फोन लागला नाही, तर लगेच वाईट मनात आणू नका. बोट भर समुद्रात असेल, नाहीतर पॉइंटची पाळी सोबत्याची असेल.

येत्या बैठकीत ही यादी एकदा मोठ्याने वाचा. आणि वाचता वाचता स्वतःच्या घरातला बोर्डही बघा. एका पॉइंटवर मिक्सर, फ्रिज आणि तीन चार्जर लोंबकळत असतील, तर तेही आजच सोडवा.