लहान कुत्र्याचा निखळणारा खांदा

घरांत वावरणारें एखादें टॉय पूडल किंवा पॉमेरेनियन जातीचें कुत्रें एके दिवशीं पुढचा पाय उचलून तीन पायांवर चालूं लागतें. पंजांत कांटा नसतो, नख दुखावलेलें नसतें. दोन दिवसांनीं लंगडणें थांबतेंही. घरचीं माणसें निश्चिंत होतात. पुढें महिन्याभरानें तोच पाय पुन्हां उचलला जातो. अशा वेळीं दोष पंजांत नसून बराच वर, खांद्याच्या सांध्यांत असण्याचा संभव असतो.

या सांध्याची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. मनुष्याचा हात गळ्याखालच्या आडव्या हाडानें धडाशीं जोडलेला असतो. कुत्र्याला हें हाड नांवापुरतेंच असतें. त्याचा पुढचा पाय छातीला केवळ स्नायूंनीं बांधलेला असतो. असें असूनही शरीराचा सुमारें ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवरच पडतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्याच्या खळगींत बसतो खरा. परंतु ती खळगी वाटीसारखी खोल नसून बशीसारखी उथळ असते. म्हणून सांधा जागेवर राहतो तो हाडांच्या बळावर नव्हे, तर सांध्याची पिशवी, आंतल्या व बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध आणि भोंवतालचे स्नायू यांच्या जोरावर. हीं बंधनें सैल पडलीं कीं माथा घसरूं लागतो. मोठ्या कुत्र्यांत तो बहुधा अपघातानें बाहेरच्या बाजूस निसटतो; लहान जातींत मात्र तो प्रायः आंत, छातीकडे सरकतो. पुष्कळदां त्यास अपघाताचें निमित्तही लागत नाहीं. खळगी जन्मतःच सपाट असते, आणि कित्येकदां दोन्हीं खांद्यांत तोच दोष आढळतो.

परीक्षेसाठीं पशुवैद्य कुत्र्याला गुंगीचें औषध देऊन पाय छातीपासून बाहेरच्या बाजूस किती फांकतो तें मोजतात. अमेरिकेंतील जेम्स कुक व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत निरोगी खांद्याचा हा कोन सरासरी ३३ अंशांच्या आसपास, तर सैल खांद्याचा सुमारें ५४ अंश भरला. तथापि केवळ या आंकड्यावर निकाल दिला जात नाहीं. दुसऱ्या पायाशीं तुलना करून, क्ष-किरणांचें चित्र घेऊन आणि प्रसंगीं सांध्यांत बारीक दुर्बीण घालून खात्री करून घ्यावी लागते.

खांदा नुकताच निखळला असेल आणि हाडें सुघड असतील, तर भूल देऊन माथा जागेवर बसवितात व पाय दुमडून छातीशीं सुमारें दोन आठवडे बांधून ठेवितात. एवढ्यानें सांधा टिकला तर शस्त्राची गरज पडत नाहीं. तो पुन्हां निसटला तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

एक जुनी पद्धति हॉन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं वर्णिलेली आहे. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा आपल्या खोबणींतून उचलून आंतल्या बाजूस वळवावयाची व हाडाशीं पक्की करावयाची. त्यायोगें ती कंडरा माथ्याला आंत सरकूं न देणारा बंध बनते. दुसऱ्या पद्धतींत दोन्हीं हाडांत बारीक आधार रोवून त्यांमध्यें मजबूत दोरा ताणतात व कृत्रिम अस्थिबंध तयार करतात. सैल झालेले स्नायूही आवळून शिवतात. दोन-तीन किलो वजनाच्या कुत्र्याचें हाड पेन्सिलीएवढेंच जाड असतें. तेव्हां येथें शस्त्रवैद्याच्या हाताची कसोटी लागते.

खरा कठीण प्रश्न उभा राहतो तो खळगीच सपाट असतांना. जेथें माथ्याला बसावयास जागाच नाहीं, तेथें बंध कितीही आवळले तरी ते टिकत नाहींत. अशा वेळीं वेदना फार असतील तर सांध्याचीं घासणारीं टोकें कापून काढणें किंवा धातूची पट्टी बसवून सांधा कायमचा जोडून टाकणें, हे दोन मार्ग उरतात. सांधा गोठविण्याची कल्पना धन्यास क्रूर वाटते. परंतु खांद्याचें पातें छातीवर पुढें-मागें सरकूं शकत असल्यामुळें बहुतेक कुत्रीं त्या पायावर बऱ्यापैकीं चालतात. उलटपक्षीं, जन्मापासून खांदा निखळलेलीं कांहीं कुत्रीं फारशी वेदना न होतां दिवस काढतात. त्यांना शस्त्र न लावणेंच शहाणपणाचें ठरतें. क्ष-किरणांच्या चित्रांत व्यंग दिसलें एवढ्याच कारणासाठीं शस्त्र उचलूं नये.

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे घरच्यांच्या हातीं असतात. पाय बांधलेला असेतों पट्टी कोरडी ठेवणें, पुढें कित्येक आठवडे कुत्र्यास जिन्यावर वा कोचावर उडी मारूं न देणें, दोरीनें धरून थोडथोडें चालविणें आणि त्याचें वजन वाढूं न देणें, हीं कामें शस्त्रवैद्य करूं शकत नाहीं. इतकें करूनही पुढें सांध्यांत संधिवात उद्भवण्याचा संभव राहतोच, हें धन्यानें आधींच जाणून असावें. लहान कुत्र्यास पुढच्या पायांना धरून उचलण्याची मुलांची संवय मोडावी. एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या भागाखालीं घालून त्यास उचलावें. ज्याचा खांदा जन्मतः सदोष आहे, त्यापासून संतति घेऊं नये. मुक्या प्राण्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तो पाय उचलून धरतो तेंच त्याचें सांगणें असतें, आणि दोन दिवसांनीं तो पुन्हां चालूं लागला तरी तें विसरून चालत नाहीं.