चिकू, कॅफे आणि आपली लिफ्ट

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेलं भाषण)



कमिटीने मला सांगितलं होतं, '२५ वर्षांत बदललेलं बाणेर' या विषयावर दहा मिनिटं बोला. विषय चांगला आहे, पण रस्ते, मेट्रोचे खांब आणि पाण्याचे टँकर यांवर आपण रोज जिन्यात बोलतोच. म्हणून मी कुत्र्यांवर बोलणार आहे. हसू नका. बाणेर किती बदललं ते मला खरं कळलं, ते कुत्रा घेऊन कॅफेत बसलो तेव्हा. ज्यांना २००९ सालची लिफ्टमधली नोटीस आठवते, ते आत्ता मनात म्हणत असतील की हा माणूस कुठल्या तोंडाने कुत्र्यांवर बोलतोय. त्यांचं बरोबर आहे. तिकडेही येतो.

आपण इथे राहायला आलो २००० साली. बाणेर-बालेवाडी महापालिकेत येऊन तीनच वर्षं झाली होती. पलीकडे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं क्रीडा संकुल होतं, अलीकडे आपण, आणि मध्ये शेतं. चहा प्यायचा तर हायवेपर्यंत चालत जायचं. तिथे एक टपरी होती, एक बाकडं, आणि बाकड्याखाली कायम एक तांबूस कुत्रा. तो कोणाचाच नव्हता. चहावाला त्याला खारी द्यायचा, ट्रकवाले बिस्किट द्यायचे, आणि आपण पाय जरा बाजूला घेऊन बसायचो. पेठेतल्या अमृततुल्यातही लहानपणापासून हेच बघितलेलं. 'येथे कुत्र्यांचे स्वागत आहे' अशी पाटी तिथे कुणी लावली नव्हती.

मग आपल्याकडे फरशा आल्या, ग्रॅनाइट आलं, सिक्युरिटी आली. माणूस एकदा चकचकीत लॉबीत राहायला लागला की त्याला पायांचे ठसे दिसायला लागतात. २००९ मध्ये मी सेक्रेटरी होतो. दोन-तीन तक्रारी आल्या होत्या, लिफ्टमध्ये केस पडतात, वास येतो. वार्षिक सभेत पाच मिनिटांत आवाजी मतदानाने ठराव झाला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या सहीची नोटीस लावली: 'लिफ्टमधून पाळीव प्राणी नेण्यास सक्त मनाई आहे.' 'सक्त' हा शब्द माझा. ठरावात नव्हता.

तेव्हा आपल्या बिल्डिंगमध्ये पाळलेलं कुत्रं एकच होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची लॅब्राडोर, राणी. अकरा वर्षांची, मागचे पाय गेलेले. काका वारले होते, काकू एकट्या. नोटीस लागल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. जुन्या चादरीची झोळी करायच्या, ती राणीच्या पोटाखालून घ्यायच्या, आणि मागचा भाग उचलून धरत एक-एक पायरी उतरायच्या. दिवसातून तीनदा. मी ऑफिसला निघताना दोनदा-तीनदा बघितलं. एकदा तर मी लिफ्टमध्ये होतो आणि जाळीतून त्या जिन्यावर दिसल्या. मी खाली बघितलं.

चार महिन्यांनी त्या फ्लॅट विकायचा म्हणून माझ्याकडे ना-हरकत दाखला मागायला आल्या. भाचीकडे साताऱ्याला जाते म्हणाल्या. हिने चहा केला. मी दाखला लिहून दिला, शिक्का मारला. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सोसायटीच्या कागदपत्रांत एवढंच आहे की फ्लॅट हस्तांतरित झाला.

आता पुढे २०२१. लॉकडाऊनमध्ये मुलीने रस्त्यावरचं एक पिल्लू घरात आणलं. तिची कंपनी हिंजवडीला, पण काम घरूनच चालू. दीड वर्षाने तिला परदेशात बदली मिळाली आणि चिकू आमच्याकडे राहिला. ही म्हणाली, "मी याचं काहीही करणार नाही." आता त्याला दहीभात हीच भरवते. सांगायचं ते असं की पहिल्या दिवशी मी चिकूला घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि समोर काचेखाली माझीच सही. शाई उडाली होती, पण 'सक्त' नीट वाचता येत होतं. मला कोणीही अडवलं नाही. माजी सेक्रेटरी, वय झालेलं, कोण बोलणार! त्या रात्री साडेअकराला मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेलो आणि ती नोटीस काढली. कमिटीची परवानगी घेतली नव्हती, ती आज मागतो.

आता कॅफेचं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं. चालून झालं की बसायला जागा हवी, आणि चिकू बरोबर. पहिल्या एका हॉटेलात आम्हाला सांगितलं, कुत्रा बाहेर खांबाला बांधा. चिकूने असा सूर लावला की आम्ही अर्धा चहा टाकून निघालो. मग मुलीनेच तिकडून फोनवर शोधून सांगितलं की बालेवाडीच्या बाजूला कुत्री चालतात असे कॅफे आहेत. गेलो. बाहेरच्या टेबलाशी बसलो. आमच्या हातात मेनू यायच्या आधी चिकूपुढे पाण्याचं स्टीलचं भांडं आलं. कॉफी दोनशेवीस रुपये होती, ते मी हिला अजून सांगितलेलं नाही. म्हणजे आत्ता सांगितलं.

मी बँकेतला माणूस, मला व्यवस्था कशी चालते ते बघायची सवय. म्हणून मी दोन-तीन वेळा गेल्यावर तिथल्या मॅनेजर मुलाला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, काका, स्वयंपाकाच्या जागेत प्राणी येता कामा नये, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे, म्हणून कुत्री बाहेरच्या भागात. पट्टा सुटता कामा नये. खुर्चीवर चढवायचं नाही. माणसाच्या ताटलीतून भरवायचं नाही. दोन अनोळखी कुत्र्यांना शेजारशेजारच्या टेबलांशी बसवायचं नाही, मध्ये एक टेबल सोडायचं. पण मला सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. आम्हाला बसवायच्या आधी तो शेजारच्या टेबलाला विचारून यायचा, "इथे कुत्रा बसला तर चालेल ना?" एकदा एक आई आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा होता, तो चिकूला बघून आईला चिकटला. मॅनेजरने आम्हाला हसत दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. ना आम्हाला अपराधी वाटलं, ना त्या आईला. आत एसीत एक भाग आहे, तिथे कुत्रं जातच नाही, कारण ज्यांना नको आहे त्यांनाही कॉफी प्यायची असते.

मला वाटायचं, डॉग-फ्रेंडली म्हणजे कुत्र्यांना मोकळं रान. तिथे बसल्यावर कळलं की ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची सोय आधी केली, म्हणून कुत्र्याची करता आली. आम्ही २००९ मध्ये दोघांपैकी कोणाचीच सोय केली नव्हती. फक्त सही केली होती.

आता गंमत बघा. शहराच्या कडेच्या आपल्या भागात हे कॅफे निघाले, याचं एक कारण म्हणजे जागा. डेक्कनवर टेबलाला टेबल लागलेलं, तिथे कुत्रा बसवणार कुठे? इकडे प्लॉट मोठे, पुढे-बाजूला मोकळी जागा. पण ही मोकळी जागा बऱ्याच ठिकाणी इमारतीच्या फ्रंट आणि साईड मार्जिनची असते, आणि तिथे टेबलं मांडली, पत्रे टाकले की महापालिकेची गाडी येते. गेल्या वर्षी आमच्या आवडत्या एका कॅफेचं अंगण असंच गेलं. कारवाई नियमाने झाली, तक्रार नाही. पण अंगणाबरोबर चिकूची जागाही गेली. त्यामुळे नवीन कोणी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. महिन्यापूर्वीची माहिती इकडे जुनी असते.

आणखी थोडं अनुभवाचं. प्रत्येक कुत्र्याला कॅफे मानवत नाही. चिकूला कॉफी दळायच्या मशीनचा आवाज सहन होत नाही, म्हणून आम्ही काउंटरपासून लांबचं टेबल घेतो. उन्हाळ्यात दुपारी नेऊ नका. पेव्हर ब्लॉकवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायाला बसणारच. आणि लाडाने केकचा तुकडा देऊ नका. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, कॉफी हे कुत्र्याला विषारी ठरू शकतं. समोरचा माणूस प्रेमाने देत असला तरी नाही म्हणायला शिका. मला हे शिकायला एक रात्र जनावरांच्या डॉक्टरकडे काढावी लागली.

मग मी जरा कायद्याचं वाचलं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सगळ्या सभासदांनी बहुमताने ठराव केला तरी. लिफ्टही नाकारता येत नाही. (हे मंडळ १९६२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या अध्यक्ष होत्या भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९६० चा प्राणी छळ प्रतिबंधक कायदा होण्यामागे त्यांचा मोठा हात होता.) पण त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलं आहे: पट्टा लावा, घाण उचला. हे दुसरं पान आपण कुत्रेवाले वाचत नाही. आपल्या बेसमेंटमधल्या बी विंगच्या खांबाला जो वास येतो, तो कोणाच्या कृपेने येतो हे चिकूसकट सगळ्यांना माहीत आहे.

गेटबाहेरच्या कुत्र्यांचंही बोललं पाहिजे. २०१६ मध्ये आपल्या एका मुलाला गेटवर कुत्रा चावला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हे तेव्हा आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. कोणी हळद आणली, कोणी चुना. मग पाच इंजेक्शनं, शेवटचं अठ्ठाविसाव्या दिवशी. तो मुलगा आता इंजिनीअरिंगला आहे, पण त्याची आई अजून गेटमधून वळून बघत जाते. तिची भीती खोटी नाही आणि तिला 'प्राणिद्वेष्टी' म्हणणं मला पटत नाही. २०२३ च्या नियमांत भटक्या कुत्र्यांना खाणं घालायची जागा सोसायटीने संबंधितांशी बोलून ठरवावी असं आहे. ती मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्टच्या आदेशातही ठरलेल्या जागीच खाणं घाला असं आहे. आपल्याकडे मात्र आजही पोळ्या गेटच्या कठड्यावर ठेवल्या जातात. पंप हाऊसच्या मागची जागा मी मॅनेजिंग कमिटीला दाखवली आहे. नसबंदी आणि लशीसाठी महापालिकेला अर्जही लिहिला आहे. त्यावर कमिटीची सही व्हायची आहे, अध्यक्ष इथेच बसलेत.

आणि लिफ्टचं. माझी विनंती एवढीच की कॅफेतला तो मुलगा करतो तसं करू. दार उघडल्यावर आत कोणी असेल तर विचारायचं, "येऊ का?" समोरचा नको म्हणाला तर पुढची लिफ्ट. आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी नको म्हणायला लाजू नये. चिकू आणि मी थांबतो, आम्हाला घाई नसते.

एक राहिलं. रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण द्यायला जुन्या सभासदांची यादी कमिटीने वाटून दिली, तेव्हा चौथ्या मजल्याचं नाव मी मागून घेतलं. दोन दिवस फोन लावला नाही. मग लावला. काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. आवाज तसाच. मी नोटिशीचं बोललो, जे बोलायला हवं होतं ते बोललो. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "राणी इथे आल्यावर सहा महिने होती. इथे अंगण होतं, पायऱ्या नव्हत्या." मी चिकूबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिफ्टने नेता का हो सेक्रेटरी?" मी हो म्हणालो.

कार्यक्रमाला येणं जमणार नाही म्हणाल्या, गुडघे साथ देत नाहीत. पण चिकूचा फोटो मागितला. मी कॅफेतला पाठवला, पाण्याच्या भांड्यासकट. तासाभराने भाचीच्या फोनवरून उत्तर आलं: 'पट्टा गळ्याला घट्ट दिसतो. एक भोक सैल करा.'

केला.

दुधावर साय धरायला लागली आहे आणि ही मला मघापासून खुणा करते आहे.