इंटरनेटची देवडी

एका घराची आग दुसऱ्या घरास लागूं नये म्हणून मध्यें जी भिंत घालतात, तिला इंग्रजींत 'फायरवॉल' म्हणतात. संगणकशास्त्रानें हें नांव तेथूनच उचललें. परंतु मराठी घरास जुन्या वाड्याच्या देवडीची उपमा अधिक जवळची वाटेल. देवडीवर पहारेकरी बसे. कोण आंत येतो, कोण बाहेर जातो, हें तो पाही. घराच्या कोपऱ्यांत दिवे लुकलुकवीत बसलेला राउटर हें काम कांहीं अंशीं मुळांतच करितो : आंतून मागविल्याखेरीज बाहेरचें कांहीं तो सहसा आंत सोडीत नाहीं. मुलांच्या बाबतींत अडचण निराळी आहे. येथें नको तें मूल स्वतःच मागवितें, आणि पुष्कळदां नकळत मागवितें.

ह्यावर एक सोपा उपाय आहे. संकेतस्थळाचें नांव टाइप केलें कीं यंत्र प्रथम त्याचा आंकड्यांतला पत्ता एका नामसेवेस विचारतें. हिलाच डी.एन.एस. म्हणतात. प्रौढांसाठींच्या व घातक स्थळांचे पत्ते सांगण्याचें नाकारणाऱ्या नामसेवा विनामूल्य मिळतात. क्लाउडफ्लेअर कंपनीनें १ एप्रिल २०२० रोजीं सुरू केलेल्या अशा सेवेचा क्रमांक १.१.१.३, व जोडीचा १.०.०.३. राउटरच्या व्यवस्थेंत हे आंकडे एकदां नोंदविले कीं वायफायवरील बहुतेक सर्व यंत्रांस ते लागू होतात. त्याच वेळीं राउटरचा मूळचा पासवर्ड बदलावा. तो बहुधा राउटरच्या पाठीवरच छापलेला असतो, आणि दहा वर्षांच्या मुलास वाचतां येतें!

मात्र पहारेकऱ्याची दृष्टि लिफाफ्यावरील पत्त्यापुरतीच. आंतील मजकूर हल्लीं बहुशः सांकेतिक रूपांत जातो. यूट्यूब उघडूं द्यावें कीं नाहीं एवढें तो ठरवील. कोणती चित्रफीत, हें नाहीं. शिवाय वाड्यास मागील दारही आहे. फोनमधील सिमकार्ड आपल्या वाटेनें जातें. वायफाय बंद होतांच देवडी ओस पडते. म्हणून मुलाच्या फोनवर गूगलचें फॅमिली लिंक किंवा ॲपलचें स्क्रीन टाइम ह्यांची जोड द्यावी लागते.

खरें भय त्याहून पुढें आहे. खेळ निर्दोष असतो, त्याचा पत्ताही निर्दोष असतो. पण खेळाबरोबरच्या गप्पांत समवयस्क म्हणविणारा कोणी अनोळखी इसम आधीं स्तुति करितो, मग छायाचित्र मागतो, आणि तें हातीं पडतांच धमकी देतो. तेथें फायरवॉल मुकी असते. मूलही मुकें होतें. कारण सांगितलें तर आई रागावेल, बाबा फोन काढून घेतील, ही धास्ती धमकीइतकीच मोठी असते. पहारा बसवितांना तो मुलांपासून चोरून बसविणारीं घरें ही धास्ती वाढवितात. काय अडविलें व कां अडविलें, हें मुलास सांगावें. आणि कांहीं विपरीत घडल्यास तें सांगितल्याबद्दल फोन जप्त होणार नाहीं, हें वचन आधींच द्यावें, व पाळावें.

प्रसंग आलाच तर पैसे देऊं नयेत, आणि लाजेपोटीं संदेश पुसूं नयेत, तोच पुरावा. बालकांचीं अश्लील चित्रें पसरविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणें गुन्हा असून पहिल्याच वेळीं ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर अशी तक्रार नांव न देतांही करितां येते. बालकांसाठींचा १०९८ हा दूरध्वनि दिवसरात्र चालतो, व तेथें मूल स्वतःही बोलूं शकतें.