विश्रांतीचे तास कुणाचे?

१९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिल्चरला विमान नेलं. विमानातल्या सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. दार उघडलं, पण ड्युटीचं वेळापत्रक आखताना डोळ्यांसमोर कोण असतो? घरी बायको असलेला पुरुष! त्याची बॅग भरणारी, मुलं सांभाळणारी ती.

वैमानिक थकला तर प्रवाशांच्या जिवाला धोका. म्हणून २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे नियम काढले. पण बाई विमानातून उतरून घरी आली, की तिची दुसरी पाळी सुरू. ती कुठल्या नोंदवहीत लिहिणार?

विश्रांतीच्या हक्काची लढाई विमानतळावर संपत नाही, मैत्रिणींनो. ती आपल्या स्वयंपाकघरातही लढावी लागेल.