बेखमीर भाकरी आणि शिरखुर्म्याची वाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वीच्या ईदची गोष्ट. घरात शिरखुर्म्याचा वास दरवळत होता. माझ्या धाकट्या बहिणीची नऊ वर्षांची मुलगी वाटी हातात घेऊन बसली, तिनं शेवयांकडे पाहिलं आणि वाटी परत ठेवली. "मामू, या शेवया गव्हाच्याच ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती उठून अंगणात गेली.

दोन वर्षं पोरीचं पोट बिघडत होतं. वजन वाढेना, उंची वाढेना, रक्त कमी. जंताचं औषध झालं, लोहाची टॉनिकं झाली, दृष्टही काढून झाली. शेवटी रक्ताची एक खास तपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, यांतून निदान झालं : सीलिअ‍ॅक. औषध एकच. गहू बंद, तोही जन्मभर.

आमच्या कोडोलीला अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं जुनं ठाणं. त्यामुळे गावात ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाळेपासूनचा माझा एक ख्रिस्ती दोस्त घरी आला आणि म्हणाला, "अरे, बायबलात बेखमीर भाकर आहे बघ. ज्यू लोक वल्हांडणाला खातात. त्यात खमीर नसतं, पोटाला हलकी. पोरीला ती चालंल." त्याचा हेतू चांगला होता. पण करून खायला घालण्याआधी मी चौकशी केली, ते बरं झालं.

खमीर आणि ग्लुटेन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खमीर म्हणजे पीठ आंबवून फुगवणारं द्रव्य. ग्लुटेन हे गव्हातलंच प्रथिन. मैद्याचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ग्लुटेन. त्याच्यामुळेच पोळी न फाटता लाटता येते. सीलिअ‍ॅकच्या माणसात हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याची अन्नरस शोषणारी लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पीठ आंबवा की आंबवू नका, ग्लुटेन जागच्या जागी राहतं. आपली चपातीही बेखमीरच असते की! ती चालत नाही, तर ज्यूंची मात्सा तरी कशी चालणार?

ही मात्सा म्हणजे पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मिसरच्या गुलामगिरीतून निघताना कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. नियम कडक. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. आणि ती पाचच धान्यांची करता येते. गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक भाऊबंद. कारण त्यांच्या धर्मशास्त्राचं म्हणणं असं, की जे धान्य आंबून खमीर होऊ शकतं, त्याचीच बेखमीर भाकरी होऊ शकते. तांदूळ भिजून सडतो, पण त्याचं खमीर होत नाही. म्हणून तांदळाची मात्सा होत नाही.

आता गंमत बघा. आपली ज्वारीची भाकरी. खमीर नाही, ग्लुटेनही नाही. तव्यावरून थेट ताटात. पण वल्हांडणाच्या रात्री तिला मात्साचा मान नाही. जे धान्य त्या ताटाला पात्र, त्यातलं बहुतेक माझ्या भाचीला विष. आणि जे तिला अमृत, ते त्या ताटाला अपात्र.

मग ज्यूंमध्ये हा आजार असणाऱ्यांनी काय करायचं? त्यांच्या शास्त्रात जीव वाचवणं हे जवळजवळ सगळ्या आज्ञांच्या वर मानलं आहे. शिवाय मात्सा खाण्याची सक्ती सणाच्या सुरुवातीच्या रात्रीपुरती, तीही थोडक्या प्रमाणात. बाकी दिवस खमीर टाळलं की झालं. ओटमध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून अलीकडे गव्हाचा कण लागू न देता ओटची मात्सा करतात. काही थोड्या रुग्णांना तीही सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. आमच्याकडेही आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुराणानं दिली आहे. देवाला उपाशी आतडं नको असतं, हे सगळ्या धर्मांनी आपापल्या परीनं सांगून ठेवलंय. आपणच नातेवाईक "एक घास खाल्ल्यानं काय होतंय" म्हणत मागे लागतो.

हे ज्यू काही आपल्याला परके नव्हेत. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली आपलेच. घरची भाषा मराठी. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ सालचं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथं काही आहेत. वल्हांडणाला ते पूर्वी 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. ढाकणं म्हणजे झाकणं. आंबटाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. युरोपातल्या ज्यूंनी या सणात भातही वर्ज्य केला. कोकणातल्या माणसाला ते कसं जमावं? त्यांच्या ताटात भात राहिला.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला युद्धाआधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि एरवी खंगणारी ही मुलं सुधारताना दिसली. १९५० साली त्यानं आपला प्रबंध मांडला. म्हणजे आईबापांना दोष न देता कारण सांगता येऊ लागलं, त्याला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत.

आता घरात शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. ज्वारी गावच्या गिरणीत गव्हामागोमाग दळली की गव्हाचं पीठ त्यात येतंच. आम्ही घरघंटी घेतली. बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरचं वाचल्याशिवाय फोडणी नाही. खपली गहू पचायला हलका म्हणतात, पण तोही गहूच, त्यात ग्लुटेन आहे. सातूही चालत नाही. 'ग्लुटेन-मुक्त' लिहायचं तर आपल्या सरकारी नियमानं किलोला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, इतका हा हिशेब बारीक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं : शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका, तपासणी फसते. ज्यांना हा आजार नाही, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही की त्रास नाही, त्यांनी फॅशन म्हणून चपातीशी वैर धरायचं कारण नाही.

आमच्याकडे मोहरमला मलिदा करतात, चपाती कुस्करून गूळ-तूप घालून. बेने इस्रायलीही मलिदा करतात, एलियाहू नबीच्या नावानं. आमच्यात त्यांनाच इलियास म्हणतात. त्यांचा मलिदा मात्र पोह्यांचा, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा घातलेला. म्हणजे दोस्तानं सुचवलेली भाकरी उपयोगी पडली नाही, पण त्याच लोकांच्या घरातला दुसरा पदार्थ उपयोगी पडला. त्या वर्षीपासून आमचा मलिदा पोह्यांचा.

पुढच्या ईदला बहिणीनं नवा सोऱ्या आणला आणि तांदळाच्या शेवया केल्या. एकट्या पोरीसाठी नाही, सगळ्या घरासाठी, एकाच पातेल्यात. शेवया थोड्या तुटल्या, दूध थोडं दाट झालं. भाचीनं या वेळी काही विचारलं नाही. वाटी पुढे केली आणि दुसऱ्यांदाही पुढे केली.