माकडताप आणि काजूचा हंगाम

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या अरण्यात, वानरे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात लाकूडफाट्यासाठी जाणारी भोवतालची माणसेही तापाने अंथरूण धरू लागली. दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरातही माकडे अशीच मरतात. तेव्हा तो रोग भारतात उतरला की काय, अशी धास्ती वैद्यकांना वाटली. १९५२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला. हाती लागला तो पीतज्वराच्याच कुळातला, परंतु सर्वस्वी नवा विषाणू. शास्त्रज्ञांनी त्याला त्या अरण्याचे नाव दिले; खेडुतांनी त्या रोगाला माकडताप म्हटले.

विषाणू ही वस्तू मोठी विलक्षण आहे. क्षयाचा किंवा पटकीचा जंतू कितीही सूक्ष्म असला तरी तो स्वतः खातो, वाढतो, दुभंगतो. विषाणूला यांतले काहीच साधत नाही. माकडतापाचा विषाणू इतका लहान की तसे सुमारे वीस हजार एका रांगेत मांडावेत तेव्हा एक मिलिमीटर भरावा. प्रथिनांच्या वेष्टणात गुंडाळलेला आनुवंशिक द्रव्याचा एक धागा, एवढाच त्याचा संसार. जिवंत पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढवून घेतो. पेनिसिलीनसारखी औषधे जंतूच्या स्वतःच्या रचनेवर घाव घालतात. येथे घाव घालण्यास तशी रचनाच नाही. या तापावर रामबाण औषध अद्याप नाही, आणि दीर्घकाळ दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने २०२२ साली बंद झाली. तेव्हा सारी भिस्त विषाणूची वाट अडविण्यावर आहे.

ही वाट गोचिडीच्या अंगातून जाते. पावसाळ्यानंतर गोचिडीची इवली पिल्ले उंदीर, पक्षी, माकडे यांचे रक्त पितात. त्यात शिरलेला विषाणू ती कात टाकून मोठी झाली तरी त्यांच्यात टिकतो. पूर्ण वाढलेली गोचीड गुराढोरांच्या अंगावर पोसते. गुरे आजारी पडत नाहीत, पण गोचिडींची संख्या मात्र त्यांच्यामुळे वाढते. माकड मेले म्हणजे त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून तेथल्या पाचोळ्यात पसरतात. माणसाला बहुधा चावते ते तिळाएवढे अर्धवट वाढलेले पिल्लू, डिसेंबर ते मे या महिन्यांत.

नेमका हाच काजूचा हंगाम! २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा ताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. गळलेले बोंडू पातेऱ्यातूनच वेचावे लागतात, आणि चार महिन्यांच्या या कमाईवर घरचे वर्ष निभावायचे असते. अशा माणसाला रानात जाऊ नको असे सांगणे म्हणजे उपाशी राहा म्हणणे होय. अंगभर कपडे घालावेत हा उपदेशही एप्रिलच्या उन्हात, डोंगराच्या उतारावर, दिसतो तितका सोपा नाही. तरी पाय झाकावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला चोळावे, पातेऱ्यावर बसू वा निजू नये. घरी येताच कडक पाण्याने साबण लावून स्नान करावे आणि कपडे गरम पाण्यात बुडवावेत. अंगाला चिकटलेली गोचीड न चिरडता चिमट्याने ओढून काढावी.

मेलेल्या माकडाला मारुतीचे रूप मानून, हार घालून मूठमाती देण्याची चाल पुष्कळ गावी आहे. भावना आदरणीय खरी; पण त्या कलेवराजवळ विषाणूने भरलेल्या गोचिडी असतात. त्याला कोणी हात लावू नये. वनरक्षकाला वा आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवावे, म्हणजे ते भोवताली कीटकनाशक मारतात.

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी हुडहुडी, कपाळात ठणका आणि अंग मोडून काढणारा ताप येतो. शंभरांतील तीन ते पाच रोगी दगावतात. वेळेवर इस्पितळात पोचलेल्याला सलाइनचा व शुश्रूषेचा मोठा आधार मिळतो. रक्तस्रावाचे भय असल्याने ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रोग्याला वाळीत टाकण्याचे मात्र काही कारण नाही. हा ताप माणसाकडून माणसाला झाल्याचे आढळलेले नाही. विषाणूच्या प्रवासात माणूस हे वाट चुकून लागलेले गाव, तेथून पुढे रस्ता नाही. रोग्याजवळ घरच्यांनी खुशाल बसावे, आणि तो आठवड्यापूर्वी कोणत्या रानात गेला होता हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.